सुबाभळीची गाडी

हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. बायकोला नाही, आईला नाही. देवळात हात जोडून उभा राहिलो तेव्हा मनातल्या मनातसुद्धा नाही. यंदा पहिल्यांदा सांगितलं, ज्याला सांगायला हवं होतं त्याला. त्याच्याआधी दुसऱ्या कुणाला सांगायचा मला काय अधिकार होता? आता त्याला सांगून झालंय, म्हणून तुमच्याशी बोलतोय. एक मात्र आधीच सांगतो — अनोळखी माणसासमोर स्वतःला जरा बरं दाखवायचा मोह होतो. मी तसं करायला लागलो, तर ते तुमच्या लक्षात येऊ द्या.

मी लाकडाची गाडी चालवतो. कवठे महांकाळच्या बाजूला आमचं गाव आहे. पाणी कमी, माळ जास्त. माळाच्या हलक्या जमिनीत लोक सुबाभूळ लावतात, कुठं निलगिरी, कुठं सुरूची झाडं. चार-पाच वर्षांनी झाडं तोडायची, त्यांचे सारख्या मापाचे ओंडके करायचे, कोयत्यानं साल सोलायची आणि ट्रक भरून कागदाच्या कारखान्याला पोचवायचा. तिथं त्याचा लगदा होतो, लगद्याचा कागद. सोललेली सुबाभूळ उन्हात इतकी पांढरी दिसते, की लांबून शेतात कुणी धुणं वाळत घातलंय असं वाटावं. मला ते दिसणं आवडतं. अजूनही आवडतं — त्या दिवसानंतरही. हे बरोबर आहे का, मला सांगता येत नाही.

आनंदा माझ्या वर्गातला. एका बाकावर बसलो, एका सायकलीवरून हायस्कूलला गेलो. त्याचं घर बौद्ध वस्तीत आणि आमचं वेशीच्या आत. त्याच्या घरी जेवून आलो की माझी चुलती दिवसभर धुसफुसायची. आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. म्हणजे मला वाटायचं नाही. त्याला काय वाटायचं, ते मी कधी विचारलं नाही. तो मला दिन्या म्हणायचा, मी त्याला आंद्या. पुढं वडिलांनी ट्रक घेतला, मी चालवायला लागलो आणि लाकूड भरणारी टोळी आनंदानं जमवली. गाडी माझी आणि माणसं त्याची असं बरीच वर्षं चाललं. कोयनानगरच्या घाटातून निलगिरी आणली, शिराळ्याकडची आणली, आमच्या माळावरची सुबाभूळ तर नेहमीचीच. केबिनमध्ये तो शेजारी बसायचा आणि वाटभर बोलायचा. लग्न झालं तसं सुजाताविषयी बोलायचा, मुलगी झाली तसं मुलीविषयी.

मग तो अपघात झाला.

गावात ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे जी ठाऊक आहे, ती अशी. वैशाखाचे दिवस, दुपार कलायला लागलेली आणि वळवाचं आभाळ भरून आलेलं. माळावरच्या एका शेतात सुबाभळीची गाडी भरली होती. नवा दोर घरी राहिला होता. जुना होता, जरा झिजलेला. आनंदा म्हणाला, "एक खेप निघंल ह्याच्यावर. भागवू." गाडी बांधावरून रस्त्याकडं काढताना तो जुना दोर तुटला, वरची लाकडं घसरली आणि आनंदा त्यांच्याखाली सापडला. दिनकरनं — म्हणजे मी — उघड्या हातांनी ओंडके बाजूला केले. शेतमालकाच्या जीपमधून त्याला मिरजेला नेलं, रक्त दिलं, दवाखान्यातच मुक्काम केला. पाय वाचला. गुडघा मात्र गेला, तो पुन्हा वाकला नाही. आनंदाची आई दवाखान्याच्या पायरीवर माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "माझ्या पोराला तू परत आणलास, बाबा."

ही गावातली गोष्ट. यातलं बरंचसं खरं आहे. लाकडं मी खरंच उचलली, रक्तही दिलं. म्हणूनच ती इतकी टिकली, नाही का?

दोर तुटला नव्हता.

भरलेल्या गाडीवरून दोर पलीकडं टाकतात, खालच्या हुकात अडकवतात, दोघंतिघं मिळून ताणतात आणि गाठ मारतात. पुढचा दोर आनंदानं बांधला होता. मागचा, तो जुना, मी बांधत होतो. हुकात घातला, ताणला, आणि तेवढ्यात खिशातला फोन वाजला. कारखान्याकडचा माणूस होता. संध्याकाळच्या आत आलात तर आजच गाडी खाली होईल, म्हणाला. बोलता बोलता मी दोराचं टोक नुसतं खोचून दिलं आणि केबिनकडं गेलो.

विसरलो — असं मी स्वतःला किती वर्षं सांगितलं. फोन आला, आभाळ आलं, गडबड झाली, विसरलो. विसरणं माणसाच्या हातून होतंच, त्याला कोण काय म्हणणार? पण मी विसरलो नव्हतो. केबिनच्या पायरीवर पाय ठेवला तेव्हा गाठ राहिली आहे हे मला चांगलं आठवत होतं. मनात आलं, रस्त्यापर्यंतच तर जायचंय. पाऊस आला तर ओल्या रानात गाडी रुतून बसेल. वर काढू आणि तिथं बांधू. हे सगळं मी जाणूनबुजून ठरवलं आणि गाडी सुरू केली. आनंदा कुठं आहे ते पाहिलं? नाही. हाक मारली? नाही. हॉर्न तरी दिला? नाही.

तो मागच्या बाजूला राहिलेले चार ओंडके गोळा करत होता. मागचं चाक बांधावर चढलं, गाडी कलली आणि पाठीमागून आवाज आला. तो आवाज कसा होता ते नाही सांगत.

मी धावत गेलो. तो कमरेपर्यंत लाकडांखाली होता, शुद्धीवर होता. टोळीतली माणसं पळत आली. माझ्या तोंडून पहिला शब्द काय निघाला असेल? त्याचं नाव नाही, देवाचंही नाही. मी म्हणालो, "दोर तुटला." कुणी काही विचारलंच नव्हतं.

जीपमध्ये त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ओठ पांढरे पडलेले. तो म्हणाला, "मीच म्हणलं हुतं रं, एक खेप निघंल म्हणून." थोड्या वेळानं पुन्हा डोळे उघडून म्हणाला, "तुझ्या गाडीचा खोळंबा झाला, दिन्या." मी त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणालो, "गप पड, बोलू नकोस." जीपमधल्या लोकांना ती माया वाटली. ती माया नव्हती असंही नाही. पण त्याच क्षणी एक वाक्य बोललो असतो, तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं. ते वाक्य काही लांबलचक नव्हतं.

आणि एवढ्यावर थांबलो असतो तरी — पण थांबलो नाही. दोनेक दिवसांनी कपडे न्यायला गावात आलो, तेव्हा आधी त्या शेतात गेलो. दोर लाकडांत पडलेला होता, अखंड. झिजलेला, पण अखंड. मी आजूबाजूला पाहिलं, एक दगड उचलला आणि दोराचं टोक दुसऱ्या दगडावर ठेवून ठेचलं. धागे विस्कटेपर्यंत ठेचलं. मग तो दोर आणून आमच्या शेडमध्ये खिळ्याला टांगला, कुणी विचारलं तर दाखवायला. कुणी विचारलं नाही. कुणी पाहायला आलं नाही — असं इतकी वर्षं मला वाटत होतं.

आनंदा काठी घेऊन चालायला लागला. भरणीचं काम सुटलं. पण तो बसून राहणारा माणूस नव्हता. गावाबाहेर रस्त्याच्या कडेला त्याची जमिनीची पट्टी आहे, तिथं त्यानं रोपवाटिका काढली. सुबाभळीचं बी गरम पाण्यात भिजवायचं, पिशव्यांत लावायचं, रोपं वाढवून शेतकऱ्यांना द्यायची. निलगिरी पाणी ओढते, म्हणून ती विहिरीजवळ लावायला निघालेल्या माणसाला तो रोपं देतच नाही, परत पाठवतो. हळूहळू लोक लांबून यायला लागले. तोडणीचा हंगाम आला की लोक टोळ्या मागायला त्याच्याकडंच येतात. प्रत्येक टोळीला तो आपला पाय दाखवून सांगायचा, "जुना दोर वापरू नका. मी वापरला. माझीच चूक."

माझीच चूक. हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल? कधी त्याच्या शेजारी बसून, चहा पीत. घरात सुजाता त्याला बोलायची, माझ्यासमोरच. "एवढी अक्कल सगळ्यांना शिकवता, आन् सवताच्या हातानं सवताचा पाय घालवला." तो मान खाली घालून ऐकून घ्यायचा. मी कप खाली ठेवायचो आणि म्हणायचो, "वहिनी, जाऊ द्या आता." किती चांगला माणूस, नाही?

आणखी एक. दवाखान्यातून आल्यापासून आनंदानं मला दिन्या म्हणणं सोडलं. दादा म्हणायला लागला. तुमी म्हणायला लागला. बाकावर शेजारी बसलेला माझा मित्र मला आवं-जावं करायला लागला आणि मी ते चालू दिलं. ग्रामपंचायतीनं एका कार्यक्रमात शाल-श्रीफळ दिलं, मित्राचा जीव वाचवला म्हणून. ती शाल मी घेतली. घरी नेऊन कपाटात ठेवली आणि एकदाही अंगावर घेतली नाही. पण घेतली तर होतीच.

यंदा त्याच्या मुलीचं लग्न ठरलं. प्रज्ञाचं. सुपारीच्या कार्यक्रमाला आम्ही सगळे गेलो. बुद्धांच्या मूर्तीपुढं मेणबत्त्या लावल्या, सगळे उभे राहिले आणि पंचशील म्हटलं गेलं. इतकी वर्षं त्या घरात ऊठबस, त्यामुळं मलाही ते पाठ झालंय. मी सगळ्यांबरोबर म्हणत होतो. खोटं बोलणार नाही, हे चौथं शील आलं आणि माझ्या तोंडून आवाज निघेना. आधी कितीतरी वेळा निघाला होता. त्या दिवशी का नाही निघाला? माहीत नाही. मग पाहुण्यांपुढं आनंदा काठी टेकत उभा राहिला आणि म्हणाला, "लग्नात माझ्या शेजारी दिनकरदादा हुबं ऱ्हातील. ह्यांच्यामुळं मी आज लेकीचं लग्न बघतोय." प्रज्ञा खाली वाकून माझ्या पाया पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रोपवाटिकेत गेलो.

तो खुर्चीत बसला होता, ताठ पाय समोर स्टुलावर ठेवून, रोपांच्या पिशव्यांतलं गवत उपटत. मी बसलो नाही. उभ्याउभ्याच सांगितलं. गाठ, फोन, केबिनची पायरी, आणि मला आठवत होतं हेसुद्धा. बोलताना सारखं वाटत होतं, मध्येच कुणीतरी गिऱ्हाईक येईल. कुणी आलं नाही.

त्याचे हात थांबले. "दोर तुटला न्हवता?"

"नाही."

"मग टोक इस्कटल्यालं कसं?"

मला काही कळेना. तो म्हणाला, "मी बघितला हुता त्यो दोर. कुबड्या हुत्या तवा. तुमी खेपंला गेला हुता. तुमच्या शेडात खिळ्याला हुता. हातात घेऊन बसलो, लय वेळ. म्हणलं, ह्योच मी बांधायला लावला."

मग मला दगडाचंही सांगावं लागलं. खरं तर ते मी सांगणार नव्हतो. बाकीचं सगळं सांगेन आणि तेवढं ठेवेन, असं घरून ठरवूनच आलो होतो. हेही तुमच्या लक्षात असू द्या. त्यानं विचारलं नसतं, तर आजही ते माझ्यापाशीच राहिलं असतं.

त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. रस्त्यावरून एक एसटी गेली, तिची धूळ खाली बसली. मग त्यानं समोरची पिशवी उचलली, बाजूला ठेवली, दुसरी घेतली. "जा तू आता," तो म्हणाला. "मला काम हाय."

मला 'तू' म्हणाला. घरी येईपर्यंत ते माझ्या कानांत होतं.

त्या दिवशी बायकोलाही सांगितलं. ती चुलीपुढं बसली होती. ऐकून झाल्यावर एवढंच म्हणाली, "आता सुजाताच्या तोंडाकडं मी कशी बघू?" पुढचे काही दिवस मी गाडीवर गेलो नाही. आनंदाकडून निरोप नाही, फोन नाही. त्याच्या दारावरून जायचा रस्ता मी सोडला. तो गावात हे सांगेल, याची भीती वाटत होती का? होय, वाटत होती. सगळं बोलून टाकल्यावरही भीती उरतेच. नुसती तिची जागा बदलते.

मग एका सकाळी सुजाता आमच्या दारात आली. आत ये म्हटलं तर आली नाही, उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. रागानं बोलली असती तर मला सोपं गेलं असतं.

"इतकी वर्सं मी माझ्या नवऱ्याला बोल लावला," ती म्हणाली. "उठता-बसता लावला. तुमच्या म्होरं लावला. त्ये शब्द आता माघारी कुणी घ्यायचं, भावजी?"

मी मान खाली घातली. माझी बायको आतल्या दारात पदर तोंडाला लावून उभी होती.

"परवा ह्यांनी मला हाक मारली," सुजाता म्हणाली. "म्हणालं, सुजा, दोर तुटला न्हवता. माझी चूक न्हवती. आन् बारक्या पोरागत रडलं. मग हसायला लागलं. काल सकाळी रोपांना पाणी घालताना गाणं म्हणत हुतं. ह्यांना गाणं येतं, हे मी पार इसरले हुते." तिनं पदर सारखा केला. "एवढंच सांगाया आले. तुमच्यासाठी न्हाई आले. पर तुमी सांगितलं म्हणून त्ये झालं, हे बी खरं हाय."

जायला वळली आणि पुन्हा थांबली. "लग्नाला या, दोघं बी. प्रज्ञाला काय सांगितलेलं न्हाई, त्ये तिचा बा ठरवंल. ह्यांच्या शेजारी मात्र मी हुबी ऱ्हाणार."

तसंच झालं. नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यांत, मांडवात निळे-पांढरे पडदे आणि आनंदाच्या शेजारी सुजाता. त्याच्या खांद्याला खांदा लावून. मी मागं टोळीतल्या माणसांबरोबर बसलो होतो. खरं सांगू? मला ती जागा बरी वाटली. मिळालेल्या जागेवर बसताना मला कित्येक वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं. पंगतीत आनंदा सगळ्यांना वाढा-वाढा म्हणत फिरला. माझ्यापाशी आला, थांबला, वाढणाऱ्याला म्हणाला, "ह्याला बुंदी वाढ," आणि पुढं गेला.

त्यानंतर बरेच दिवस गेले. हंगाम सुरू झाला. एक दिवस त्याचा फोन आला — गाडी घेऊन ये, माळावर माल तयार आहे. बाकी काही नाही. मी गेलो. नवी टोळी होती, बहुतेक बायाच, साल सोलून झालेली. पांढरे ओंडके रचून ठेवलेले. आनंदा बांधावर खुर्ची टाकून बसला होता. नेहमीप्रमाणं त्यानं सगळ्यांना जवळ बोलावलं, पाय दाखवला. आता नेहमीचं सांगणार असं मला वाटलं. तो म्हणाला, "ह्ये कसं झालं, त्ये आज ह्यो सांगंल."

मी सांगितलं. त्या बायांना, त्या पुरुषांना, शेतमालकाला. गाठ मारली नव्हती आणि मला ते माहीत होतं. पुढं इतकी वर्षं आनंदाला मी त्याचीच चूक समजू दिली. दगडाचंही सांगितलं. एकदाही थांबलो नाही. आता हे गावभर होणार, हे मला दिसत होतं, आणि झालंच. शाल देणाऱ्यांतले काहीजण अजून माझ्याशी बोलत नाहीत. त्यांचं बरोबर आहे.

त्या टोळीतली एक म्हातारी कोयता मांडीवर ठेवून बसली होती. तिनं माझ्याकडं नीट पाहून घेतलं आणि आनंदाला विचारलं, "आन् तुमी ह्याच्याच गाडीत माल भरताय?"

आनंदानं काठीनं समोरची माती जरा उकरली.

"गाडी बरी चालवतो त्यो," तो म्हणाला. "आन् खरं बोलाया आत्ताशी लागलाय. चला, ऊन चढायच्या आत भरून घेऊ."

बाया उठल्या. मी त्यांच्या मागं गेलो आणि ढिगातला एक ओंडका खांद्यावर घेतला.